राहिलेले अभंग

कवी आणि अनुवादक एकत्र बसले की ‘ही कविता सुचली कशी?’ हा प्रश्न निघतोच. उत्तरात बहुधा एखादा प्रसंग येतो: पाऊस, प्रवास, कुणाचं जाणं. मी अभंग हिंदीत नेतो. मला त्या प्रसंगाचा फारसा उपयोग होत नाही. कविता सुरू होते तेव्हा तो संपलेला असतो.

तुकोबांनी आपल्या कवित्वाचा उगम अभंगातच सांगून ठेवला आहे. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि त्यांनी काम सांगितलं. शतकोटी अभंगांचा नामदेवांचा संकल्प अपुरा राहिला होता, तो तुकोबांनी पुरा करायचा. त्यातला हा हिशेब मला विलक्षण वाटतो. देहूच्या या वाण्याने आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. लोकांकडचं येणं सोडणाऱ्या त्याच माणसाने सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या एका शिंप्याची बाकी मात्र अंगावर घेतली! प्रेरणा म्हणजे भावनेचा उमाळा, असं आपण धरून चालतो. इथे ती सोपवलेली कामगिरी आहे.

ती पुढेही सरकली. कोल्हापुरात कीर्तनांतून तुकोबांचे अभंग संत बहिणाबाईंच्या कानी पडले. प्रत्यक्ष भेटीआधी त्यांना तुकोबांचा उपदेश झाला तोही स्वप्नातच. ब्राह्मण घरातल्या बाईने वाण्याला गुरू मानणं नवऱ्याला सोसवेना, तरी त्या हटल्या नाहीत. हे सगळं त्यांनी स्वतःच्या अभंगांत लिहिलं. तुकोबांच्या अभंगांचं दिलीप चित्र्यांनी केलेलं भाषांतर ‘सेज तुका’ १९९१ साली इंग्रजीत आलं. तेही मला याच ओळीतलं वाटतं.

माझं रोजचं भांडण चौथ्या चरणाशी असतं. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक, आणि मग चारच अक्षरं. तिथे आवाज एकदम जमिनीवर येतो. हिंदीत क्रियापदामागून ‘है’ येतं आणि तो चरण लांबतो. मग मी अर्थ आधीच्या चरणांत सरकवतो, पण शेवट आखूडच ठेवतो. टाळकऱ्यांना तिथेच श्वास घ्यायचा असतो.

म्हणून आजच्या कवीचा अनुवाद करतानाही मी प्रसंग विचारत नाही. कुणाचं राहिलेलं पुढे नेताय, एवढंच विचारतो. एका कवयित्रीने आजीच्या जात्यावरच्या ओव्या सांगितल्या. मुक्तछंदातल्या तिच्या ओळी मधेच का थबकतात, ते मला तेव्हा कळलं.