ओट्याची उंची

आमच्या सोसायटीची जुनी इमारत पाडून तिथे नवी उभी करायचे ठरले, तेव्हा विकसकाच्या कार्यालयातून प्रत्येक सभासदाकडे एक छापील तक्ता आला. फरशीचा रंग, नळांचा प्रकार, दारांची जात अशा निरनिराळ्या बाबींपुढे रिकामे चौकोन होते आणि आपल्या पसंतीच्या चौकोनात खूण करायची होती. स्वयंपाकघराच्या वाट्याला तीन ओळी आल्या होत्या. ओट्याचा दगड काळा की करडा, भिंतीवरच्या टाइल्स साध्या की नक्षीच्या, हे विचारले होते. तिसरी ओळ ओट्याच्या उंचीची आणि रुंदीची. तिच्यापुढे चौकोन नव्हता. तिथे एकच शब्द छापला होता, 'प्रमाणित'.

तो शब्द वाचून मी थबकलो. चौतीस वर्षे मी आरेखकाची नोकरी केली. दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढण्यात माझे आयुष्य गेले आणि हाच शब्द मी स्वतः किती नकाशांच्या कडेला लिहिला असेल त्याची गणती नाही. स्वयंपाकघर काढायचे म्हणजे आम्हांला फार विचार करावा लागत नसे. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे, जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघराचे क्षेत्रफळ ५ चौरस मीटरपेक्षा कमी नको आणि रुंदी १.८ मीटरपेक्षा कमी नको. भांडी धुण्याची सोय हवी, जमीन पाणी न मुरणारी हवी, खिडकी किंवा झरोका हवा. हे सारे मला तोंडपाठ होते. ओट्याच्या उंचीविषयी त्या परिच्छेदात काही नव्हते. ती आम्ही आधीच्या आरेखकाच्या नकाशावरून उचलत असू. त्याने ती त्याच्या आधीच्या नकाशावरून उचललेली असे. उंची ३४ इंच, रुंदी २४ इंच.

ही २४ इंचांची रुंदी ठरवली कोणी, असा प्रश्न मी एकदा एका म्हाताऱ्या गवंड्याला केला होता. तो हसून म्हणाला, "साहेब, कडप्पाची लादीच दोन फुटी येते. अठरा इंच करायची तर कापावी लागते, आणि सहा इंचांचा तुकडा वाया जातो." तिचा हात मागच्या भिंतीपर्यंत पोचतो की नाही, हा विचार त्यात कुठे येतच नव्हता. उंचीचे कारण मला पुढे उमगले. ओट्याखाली गॅसचे सिलिंडर बसले पाहिजे. ते सुमारे २५ इंच उंच. त्यावर रेग्युलेटर, तो काढण्या-घालण्यापुरती हाताला जागा, वर दगडाची आणि गिलाव्याची जाडी. एवढे धरले की ओटा ३२ इंचांच्या खाली आणणे कठीणच होते. त्याच्यावर आणखी दोन इंच कशाचे, ते मला ठाऊक नाही. बहुधा गवंड्याच्या कमरेचे असावेत.

यातला पहिला नकाशा मी आईसाठी काढला.

आम्ही मूळचे वाईकडचे. तिथल्या घरात आईची चूल जमिनीलगत होती, शेजारी वैल. ती चूल आईने स्वतः घातलेली होती. काळी माती, शेण आणि भाताचे तूस मळून ती दर एक-दोन वर्षांनी नवी चूल घाली. तिची उंची ती वितीने मोजत असे. मोजून झाले की ओली चूल तशीच ठेवून समोर पाटावर बसे, हात पुढे करून पाही, आणि मग एखाद्या बाजूची माती बोटांनी दाबून खाली घेई. उजव्या हाताशी फुंकणी आणि सांडशी, डाव्या हाताशी मिसळणाचा डबा, मागे भिंतीत वीतभर खोलीचे फडताळ. फडताळात डब्यांची एकच रांग मावे, त्यामुळे मागे काही दडत नसे. पिठांचे आणि डाळींचे डबे बसल्या जागेवरून हाती येत. महिन्याचा किराणा उठून काढावा लागे. वर्षाची बेगमी, म्हणजे लोणच्याच्या बरण्या, पापड, सांडगे, चिंच, ही माळ्यावर. तिथे शिडी लावून आम्हां मुलांपैकी कोणाला तरी चढावे लागे. 'रोजचं हाताशी, महिन्याचं उठून, वर्षाचं हाक मारून,' असे ती म्हणे.

त्या चुलीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. धुराने तिचे डोळे सदा लाल असत, आणि पावसाळ्यात ओली लाकडे फुंकताना तिला खोकल्याची उबळ येई ती आजही माझ्या कानांत आहे. एका स्वयंपाकात तिला किती वेळा उठावे-बसावे लागे, हे आम्ही कधी मोजले नाही. म्हणून १९७७ साली पुण्यात वडिलांनी सोसायटीत दोन खोल्यांची जागा घेतली आणि उभ्याने स्वयंपाक करायचा म्हणून ठरले, तेव्हा सर्वांत अधिक आनंद तिलाच झाला होता. माझी आजी मात्र नाराज होती. उभ्याने शिजवलेले अन्न देवाला कसे दाखवायचे, हा तिचा प्रश्न.

मला नोकरी लागून वर्षच झाले होते. ओट्याचा नकाशा मी काढतो, असे मी मोठ्या ऐटीत वडिलांना सांगितले आणि ट्रेसिंग पेपरवर वीसास एक या प्रमाणात तो काढला. ओटा, सिंक, खालचे चार कप्पे, वर बारा इंच रुंदीची फळी. आई हात पुसत आली, बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "छानच आहे. पण यात मी कुठं उभी राहायचं?" मी ओट्यापुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले. ती हसली आणि परत चुलीकडे गेली. तिच्या त्या प्रश्नात माझे काम होते, हे मला कळले नाही.

आईची उंची चार फूट आठ इंच. आज हिशेब मांडताना मला लाज वाटते, कारण हिशेब शाळकरी आहे. ओटा ३४ इंच, त्यावर शेगडी ५ इंच, शेगडीवर आमटीचे पातेले ८ इंच. पातेल्याचा काठ जमिनीपासून ४७ इंचांवर. आईचा खांदा ४६ इंचांवर होता. म्हणजे ज्या भांड्यात ती ढवळत होती त्याचा काठ तिच्या खांद्याच्याही वर होता. आत काय शिजते आहे ते तिला टाचा उंचावल्याशिवाय दिसत नसे. पोळ्या लाटणे त्याहून अवघड. जमिनीवर बसून लाटताना अंगाचा भार आपोआप लाटण्यावर येतो. इथे तो नुसत्या मनगटांनी आणावा लागे.

आईने तक्रार केली नाही. आठवड्याभरातच तिने गावाकडून आणलेला शिसवी पाट ओट्यापुढे टाकला आणि त्यावर उभी राहून ती स्वयंपाक करू लागली. बसण्याचा पाट उभे राहण्याचा झाला, एवढेच. आम्हां सर्वांना त्याची इतकी सवय झाली, की पाण्याला जाताना त्या पाटाला वळसा घालून जाणे हा चालण्याचाच भाग झाला.

१९८३ च्या श्रावणात, पूजेच्या दिवशी, दुधाचे पातेले उतरवताना पाट एका बाजूने कलंडला. डावे पाऊल भाजले ते महिन्याभरात बरे झाले. उजवे मनगट मोडले होते; ते जुळले, पण पुन्हा पुरते वळले नाही. त्यानंतर तिच्या पोळ्या गोल झाल्या नाहीत. "माझंच लक्ष नव्हतं," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली. मी शेजारी बसलेला असे. नकाशा कोणाचा होता, हे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. वडिलांनी ओटा खाली घेण्याविषयी गवंड्याला विचारले, तेव्हा त्याने सिंकचा निचरा आणि सिलिंडर ही दोन कारणे पुढे केली. शेवटी सुताराकडून एक रुंद, जड चौरंग करून घेतला. आई २००३ साली गेली. तोवर ती त्या चौरंगावर उभी होती.

१९९१ च्या सुमारास कार्यालयाच्या ग्रंथालयात एका परदेशी मासिकात मी एका प्रसिद्ध स्वयंपाकघराचा नकाशा पाहिला. मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या स्त्री-वास्तुविशारदाने १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी ते आखले होते आणि सुमारे दहा हजार घरांत ते बसवले गेले. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. आगगाडीच्या भोजन-डब्यातल्या स्वयंपाकघरावरून तिने बोध घेतला होता : पाऊल न हलवता जास्तीत जास्त गोष्टी हाती याव्यात. तांदूळ, साखर अशा जिनसांसाठी मुठीचे ॲल्युमिनियमचे खण होते. आणि खिडकीशी, उजेडात, कामाची फळी आणि तिच्यापुढे फिरते स्टूल. बसून करायची कामे बसूनच करावीत, म्हणून. आपल्याकडे ओटा आला, सिंक आला, वरची कपाटे आली. ते स्टूल कुठे गळाले कोण जाणे. याच बाईंनी उतारवयात मोकळेपणाने सांगितले, की ते स्वयंपाकघर आखले तेव्हा आपण स्वयंपाक केलेला नव्हता. हे वाचून मला क्षणभर बरे वाटले. ते बरे वाटणे फार टिकले नाही. तिने निदान घड्याळ हाती घेऊन बायकांची कामे मोजली होती. मी घरातल्या घरात टेपसुद्धा उलगडली नव्हती.

तर तो तक्ता. 'प्रमाणित' या शब्दावर मी काट मारली आणि पत्नीला दाराच्या चौकटीशी उभे केले. लग्नाला चाळीस वर्षे झाली. तिची उंची मला ठाऊक नव्हती. पाच फूट. कोपर जमिनीपासून ३८ इंचांवर. चिरण्या-निवडण्याचा ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली असावा, शेगडीची जागा त्याहूनही खाली. आता गॅस नळीने येणार, सिलिंडरचे बंधन उरले नाही. तेव्हा शेगडीचा भाग २८ इंच आणि बाकीचा ३३, असे मी ठरवले.

"अहो, पण मी अशी किती वर्षं उभी राहणार?" ती म्हणाली. "सूनबाई चांगली पाच फूट सात इंच आहे. पुढं तिलाच वापरायचं आहे. तिच्या बेतानं करा." हा विचार मला सुचला नव्हता. दोन दिवस आमचा वाद चालला. सून बंगलोरला राहते, वर्षातून पंधरा दिवस येते, हे माझे म्हणणे. घर काही आपल्याबरोबर येत नाही, हे तिचे. शेवटी ती माझ्या आकड्यांना कबूल झाली, पण तिची एक अट होती : कप्प्यांत मी लुडबुड करायची नाही.

घर सोडण्याआधी तिने दिवाणखान्यात वर्तमानपत्रे अंथरली आणि सारे डबे त्यावर मांडले. त्रेचाळीस भरले. रोज उघडणारे एका बाजूला, आठवड्याने उघडणारे दुसऱ्या, आणि सणावारी उघडणारे दाराशी. आईचीच वाटणी, फक्त शिडीशी हाक मारायला आता मुले नाहीत. रोजचे डबे सोळा निघाले आणि त्यांतला सर्वांत रुंद डबा पाच इंचांचा होता. नमुना दाखवायला आलेल्या तरुणाने बावीस इंच खोल ट्रॉल्यांचे चित्रपुस्तक उघडले, तेव्हा ती म्हणाली, "खालच्या ट्रॉल्या पातेल्यांना राहू दे. मला ओट्याच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा इंचांची फळी हवी. शेगडीच्या वर मात्र नको. ज्वाळेवरून हात न्यावा लागतो, पदर असतो." तो म्हणाला, "काकू, सहा इंचांत काय मावणार?" "एक रांग," ती म्हणाली. आईचे फडताळ तिने कधी पाहिलेले नव्हते.

नव्या जागेत येऊन आम्हांला वर्ष झाले. पाच इंचांच्या पायरीपाशी पाणी साचते आणि तिथे रोज फडके फिरवावे लागते. हा दोष माझा, उतार द्यायला मी विसरलो. बाकी पत्नीचा खांदा आता कमी दुखतो, असे ती म्हणते. निदान मला सांगताना तरी म्हणते.

डिसेंबरात मुलगा आणि सून आली. सून भाजी चिरायला उभी राहिली आणि मी बाहेरून पाहिले, ती बरीच वाकली होती. मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करायला गेलो तर ओट्यावर आईचा पाट होता. सामानात तो आम्ही आणला होता आणि माळ्यावर टाकला होता. सुनेने तो घासून, धुऊन ओट्यावर मांडला होता आणि त्याच्यावर तिची चिरायची फळी. "बाबा, चालेल ना?" तिने विचारले. मी कपाटातून टेप आणली. पाटाची उंची अडीच इंच भरली, फळी एक इंच. अजून इंच-दीड इंच कमीच पडत होते.