लोणारच्या काठावरील पांढरी रेघ

हैदराबादेहून जालन्यामार्गे आम्ही लोणारला पोहोचलो, तो २०१९ च्या मे महिन्यातील एक तापलेला दिवस होता. उल्कापाताने काळ्या बेसाल्ट खडकात झालेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर काठावरून पाहताच बोलणे आपोआप थांबते.

गोमुखाच्या गोड्या धारेखाली हातपाय धुऊन आम्ही खाली उतरलो. पाणी बरेच मागे हटले होते. मधल्या मोकळ्या पट्ट्यावर पांढरा पापुद्रा धरला होता. पाय पडताच तो कुरकुरे आणि खालचा काळा, उग्र वासाचा चिखल वर येई.

"सर, वर गोडे पाणी, मग खाली हे खारे कसे?" सोबतच्या तरुण शिक्षकांनी विचारले.

हिशेब सरळ आहे. या सरोवरात पाणी येण्याच्या वाटा आहेत. बाहेर वाहून जाण्याची वाट नाही. झरे आणि ओढे खडकांतील क्षार थोडेथोडे आणतात. ऊन पाणी तेवढे नेते, क्षार मागे राहतात. पातळी उतरली की ते दाटतात. चुन्याचे क्षार आधी तळाशी बसतात, पाण्यात सोडा आणि मीठ उरते, आणि काठावर ही पांढरी रेघ उमटते. साबण व काच यांसाठी उपयोगी पडणाऱ्या येथील क्षारांची नोंद 'ऐन-इ-अकबरी'तही आहे.

तळाचा गाळ हे तर सरोवराचे जुने हजेरीपत्रकच! संशोधकांना त्यात गेलुसाइट नावाचे स्फटिक आढळले. पाणी फार आटून क्षार दाटल्यावाचून ते बनत नाहीत. त्यांचा एक थर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या दीर्घ कोरड्या काळाची साक्ष देतो.

पुढे जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले. ऐंशी ओलांडलेल्या आमच्या मावशींनी फोनवर विचारले, "कमळजादेवी कोपली का रे?" पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणीअंती दिलेले कारण आम्ही त्यांना सांगितले : पाणी आटले, क्षार वाढले आणि खाऱ्यातच सुखाने नांदणारे सूक्ष्मजीव बहरले; पाऊस पडला की रंग ओसरेल.

मावशी क्षणभर थांबल्या. "मग पाणी आटवलं कुणी?"

"उन्हानं आणि अवर्षणानं," आम्ही म्हणालो. पण त्याच उन्हाळ्यात आमच्या अंगणातील कूपनलिका आणखी खोल न्यावी लागली होती, आणि वर आलेले पाणी चवीला मचूळ होते. बादली वाळल्यावर तिच्या कडेला एक पांढरी रेघ राहिली होती. ती आठवून आमचा आवाज हवा तेवढा ठाम निघाला नाही.