डाळिंबाला साडी, आणि आबांचा ओठ



आज सकाळपासून आंबे बहाराच्या डाळिंबावर साड्या टाकायचं काम चाललंय. किलोवर आणलेल्या जुन्या साड्या. एप्रिलचं ऊन फळाच्या पश्चिम अंगाला लागलं की आधी पिवळट डाग, मग काळा चट्टा, आणि व्यापारी ते फळ बाजूला काढतो. म्हणून दरवर्षी हा खटाटोप.

ओळीच्या टोकाला आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, उभे होते. "शेंडा उघडा राहिला बघ." टॉवेल नाकापर्यंत गुंडाळलेला. दोन वर्षांपूर्वी हेच आबा डोक्याला टोपी आणि अंगात बंडी एवढ्यावर दिवस काढायचे. उन्हाचं काही बोललं की म्हणायचे, "आपली कातडी करपून घट्ट झालीय. तिला काय होतंय?"

त्यांच्या खालच्या ओठावर साबुदाण्याएवढी खपली आली होती. पडायची, थोडं रक्त यायचं, पुन्हा धरायची. थंडीनं फुटला म्हणून लोणी लावलं, मग हळद, मग दुकानातलं मलम. आठ महिने गेले. दुखत नव्हतं, तेच वाईट झालं. दुखलं असतं तर आधी गेलो असतो.

त्याच हंगामात आमचा खिलार बैल डोकं झटकायला लागला. शिंग दावणीला घासायचा, एका नाकपुडीतून रक्त आलं. तिसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर दारात. शिंगाचा कर्करोग निघाला. शिंग मुळापासून काढलं, बैल वाचला. पट्टी बांधून हात धुताना डॉक्टरांची नजर आबांच्या ओठावर गेली.

"आबा, हे किती दिवसांचं?"

"असंल सात-आठ महिन्यांचं."

"बैलाच्या शिंगात निघाला, त्याच जातीचा माणसाच्या ओठावरही होतो. उद्या तालुक्याला जावा."

बैलासाठी आम्ही तीन दिवस थांबलो नाही, आणि आबांसाठी आठ महिने थांबलो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

तुकडा काढून तपासला, कर्करोगच होता. गाठी गळ्यात उतरल्या नव्हत्या म्हणून ओठाचा थोडा भाग काढून टाके घालण्यावर भागलं. आबांना आता बैलाला शिट्टी घालता येत नाही, बाकी जेवण-बोलणं ठीक.

डॉक्टरांनी समजावलं ते आपल्या कामाचं आहे. सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त, म्हणून आपल्याला गोऱ्या लोकांपेक्षा कातडीचा कर्करोग पुष्कळ कमी होतो. पण "आपल्याला होतच नाही" असं धरल्यामुळं आपण उशिरा जातो. खालच्या ओठात ते रंगद्रव्य कमी आणि ऊन थेट त्याच्यावर. आबांची चाळीस वर्षांची तंबाखूही त्यात आहे, ते लपवत नाही. दोन्ही मिळून झालं. दुसरी जागा म्हणजे जुन्या भाजल्याचा वण किंवा वर्षानुवर्षं न भरणारी जखम. तिथंही हाच रोग उठू शकतो. अंगावर कोड असेल किंवा जन्मतः अंग-केस पांढरे असतील, तर त्या कातडीला उन्हाचा धोका जास्त.

आता रानातलं. गांधी टोपीला काठ नसतो. डोकं झाकतं, पण कान, नाक, ओठ, मान उघडी. आपल्या बायका यात शहाण्या. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला-तोंडाला रुमाल. गड्यांनी तेवढंच करावं. रुंद काठाची टोपी किंवा मोठा टॉवेल मानेवर सोडून, घट्ट विणीचा सुती पूर्ण शर्ट. मलमाच्या आधी कापड.

सकाळी दहा ते चार ऊन जास्त जाळतं. घड्याळ नको, सावली बघा. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कडक. खुरपणी, फवारणी सकाळ-संध्याकाळ उरका. ढग आले म्हणून टोपी काढू नका, अतिनील किरण ढगातूनही येतात. मिरची-कलिंगडाला चंदेरी मल्चिंग अंथरलं असेल तर ऊन खालून उलटं तोंडावर येतं. तिथं नुसत्या टोपीनं भागत नाही, तोंडाला रुमाल पाहिजेच. उघड्या राहणाऱ्या नाका-ओठाला ऊन अडवणारं मलम लावायचं तर एसपीएफ ३० किंवा जास्त बघून घ्या, आणि घाम आला की पुन्हा लावा.

आणि एक करा. आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड, कान, ओठ, जुने वण उजेडात बघा. महिनाभरात न भरलेली जखम, पडून पुन्हा येणारी खपली, वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ, तळपायावरचा-नखाखालचा नवा काळा डाग, असं काही दिसलं तर हळद लावत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

दुपारचे साडेअकरा झाले. आबांनी हाक मारली, "सावली पायात आली, चला घरी." उरलेल्या चार ओळी संध्याकाळी.