टपालानें आलेली विद्या

विद्या गुरुमुखानेंच घ्यावी, असें आपल्याकडील वडीलधारीं माणसें सांगत आलीं. परंतु गुरूचें तोंडहि न पाहतां, केवळ टपालाच्या पुडक्यांतून विद्या घेणाऱ्या मजुरांची हकीकत आम्हीं वाचली, तेव्हां या वचनाचा पुन्हा विचार करावा असें आम्हांस वाटूं लागलें.

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया प्रांत कोळशाच्या खाणींसाठीं प्रसिद्ध. तेथें १८६९ सालीं अ‍ॅव्हनडेलच्या खाणीस आग लागून ११० माणसें दगावलीं. पुढें सुरक्षिततेचे कायदे झाले व १८८५ सालच्या कायद्यानें खाणींतील मुकादमास परीक्षा देणें भाग पडलें. पण लहानपणींच खाणींत उतरलेल्या माणसानें भुयारांत हवा खेळती ठेवण्याचें गणित शिकावें कोठें? थॉमस फॉस्टर हे गृहस्थ खाणकामाविषयीं एक पत्र चालवीत. वाचकांच्या शंकांचीं उत्तरें त्यांत येत. त्यांतूनच त्यांनीं १८९१ सालीं स्क्रॅन्टन शहरीं टपालाची शाळा काढली. आरंभ साध्या अंकगणितापासून. लहानशी पुस्तिका यावी, प्रश्नांचीं उत्तरें लिहून धाडावीं, तीं दुरुस्त होऊन परत यावींत, मग पुढला धडा. वयाची अट नाहीं, फी हप्त्यांनीं. लवकरच वाफेचीं यंत्रें, वीजकाम, यांत्रिक रेखाटन हे विषय आले आणि पहिल्या वीस वर्षांतच दहा लाखांवर नांवें नोंदलीं गेलीं. पुढें १९२५ सालीं मोटारींची मोठी कंपनी स्थापणारे वॉल्टर क्रायस्लर हेहि रेल्वेच्या कारखान्यांत कामगार असतां असेच धडे घेत.

मात्र शेवटच्या धड्यापर्यंत पोंचणारे फार थोडे. याचें कारण केवळ आळस असें आम्हांस वाटत नाहीं. दिवसभर राबून आलेल्या माणसास रात्रीं दिवा मिळतो, निवांतपणा मिळतो कीं नाहीं, हें शाळेच्या नव्हे, घराच्या हातीं असतें.

आमच्याच घरांतील गोष्ट पाहा. एक पुतण्या कारखान्यांतील नोकरी सांभाळून वीजकामाचा अभ्यास घरबसल्या करतो. आतां टपालाच्या जागीं संगणकाचा पडदा आला, इतकाच फरक. त्याच्या धाकट्या भावाची कॉलेजची परीक्षा आली कीं सारें घर दबल्या आवाजांत बोलूं लागे. याच्या उघड्या वहीवर मात्र भाजीची पिशवी येऊन पडे. हातांत पक्कड धरावयाची विद्या ती, तिला निराळी खोली कशाला, असा सर्वांचा मनोमन हिशेब. अखेरीस आमच्या वहिनींनीं माजघराचा एक कोपरा त्याला मोकळा करून दिला आणि साडेनऊपर्यंत त्याला कोणींहि हांक मारूं नये, असें सर्वांस बजावलें. तेव्हांपासून मागें पडलेले धडे पुढें सरकूं लागले आहेत.

गुरु दूर असला तरी चालतो, असें स्क्रॅन्टनच्या शाळेनें दाखविलें. घर दूर असून मात्र चालत नाहीं. आपल्या भरल्या घरांत असा एकटा शिकणारा कोणी आहे काय, हें वाचकांनीं आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर एकदां पाहावें.