पेन्सिलीतला श्री

दुकान विकलं. माळ्यावरची ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांचा भपकारा आला. वरच तेराव्याचा फेटा.

बाबा गेले तेव्हा मी बारा वर्षांचा. काकांनी फेटा बांधला, तो घसरून डोळ्यांवर यायचा. एका हाताने तो सावरत मी आल्यागेल्याच्या पाया पडत होतो.

लेकीने बळेच दिलेली कॅथरीन ॲडिसनची ‘द गॉब्लिन एम्परर’ (२०१४) मी त्याच आठवड्यात संपवत आणली होती. सम्राट आणि थोरले तीन मुलगे हवाई जहाजासकट जळून मरतात. नकोसा म्हणून आडगावी टाकलेला अठरा वर्षांचा चौथा गादीवर येतो. नाव माया (मुलगाच आहे!). लढाया जवळजवळ नाहीत. कुणापुढे किती झुकायचं, जेवताना काय बोलायचं, याचीच धास्ती. मी चवीने वाचली. जहाजावरच्या खलाशांच्या अंत्यविधीला हा सम्राट स्वतः जातो, तिथे पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

त्या दरबारात स्वतःला ‘आम्ही’ म्हणायचं; ‘मी’ उरतो तो मनातल्या मनात. काकाही ‘आम्ही’च म्हणायचे. आम्ही आहोत ना, आम्ही बघू. बघितलं एवढंच, की रस्त्याकडचा गाळा त्यांच्या नावावर झाला. ज्याच्या मारहाणीचा वण हातावर आहे त्या पालकाला माया सूड न घेता लांब धाडतो. मला ते पटलेलं नाही.

फेट्यावरून बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आठवले. १८७५मध्ये मल्हाररावांना पदच्युत केल्यावर महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला; तोच सयाजीराव झाला. राज्याचे अधिकार हाती आले १८८१ला. तोवर कारभार दिवाण टी. माधवरावांकडे. चरित्रांत पुढचा कारभार भरपूर आहे. मला पहिली रात्र हवी आहे. झोपताना जवळ कोण होतं?

दिवाणजी आमच्याकडेही होते, धोतर आणि कानावर पेन्सिल. त्या दिवाळीत वहीपूजनाला नव्या वहीवर ‘श्री’ मी काढायचा होता. सगळे बघत उभे. वही उघडली तर पानावर पेन्सिलीने फिकट ‘श्री’ काढलेला, फक्त मलाच दिसेल इतका. मी तो गिरवला. काका म्हणाले, अक्षर बापाचं घेतलंय. दिवाणजी खाली मान घालून तबकातली सुपारी सारखी करत होते.

ती वही फेट्याखालीच होती. वेलांटीपाशी माझा हात हलला होता. शाई तिथे बाहेर गेली आहे. पेन्सिल जागेवर आहे.