सातमाळ्याच्या उतारावर सोंड्यांच्या मागे

पहिला दिवस, सोमवार. चांदवड, रात्री सव्वानऊ

सोंडे हे भुंगेऱ्यांच्या गणातील कीटक असून, डोक्याचा पुढचा भाग लांबून त्याची सोंड झालेली असणे, त्या सोंडेच्या टोकाशी इवलेसे जबडे असणे आणि सोंडेच्या दोन्ही अंगांना कोपरात वाकवल्यासारख्या शृंगिका, म्हणजे स्पर्श आणि गंध जाणणाऱ्या मिशा, असणे या त्यांच्या ठळक खुणा होत. धान्याच्या डब्यात सापडणारा सोंडा हा या गोतावळ्यातला केवळ एक घरबशा सदस्य आहे. या अधिकुलातील सुमारे ६२,००० जातींना आजवर शास्त्रीय नावे मिळाली असून, नावावाचून राहिलेल्या जाती त्याहून अधिक असाव्यात असे अभ्यासक मानतात. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास ‘जाती’ या अर्थी वापरला जात असला, तरी या दैनंदिनीत जुन्या शास्त्रीय मराठीच्या वळणाने, आपसात वीण होऊन ज्यांची पुढची पिढी चालू राहते तो समूह म्हणजे जाती आणि जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती, असा भेद पाळला आहे.

उष्णकटिबंधातील जंगल म्हटले की वेलींनी गच्च भरलेले सदाहरित रान डोळ्यांपुढे येते. परंतु चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातील वनांचे जे वर्गीकरण केले, त्यात शुष्क पानझडी आणि काटेरी वनेही उष्णकटिबंधीयच धरली आहेत, आणि सातमाळा रांगेतील चांदवड, राजधेर, इंद्राई या किल्ल्यांच्या उतारांवरची झाडी त्या कोरड्या प्रकारातच बसते. कीटक गोळा करणाऱ्यांचा ओढा घाटमाथ्याच्या ओल्या रानाकडे असतो आणि बोरी-बाभळीच्या रानाला कोणी पाहुणा म्हणून येत नाही, हेच हा मुक्काम ठरवण्याचे कारण.

खर्च: नाशिक ते चांदवड एसटी, दोन तिकिटे, २३० रु.; खोली ७०० रु.; जेवण २४० रु.; चहा ४० रु. गाडी पन्नास मिनिटे उशिरा. आठ वाजता वीज गेली ती अद्याप आलेली नाही, त्यामुळे सूक्ष्मदर्शक पेटीतच.

दुसरा दिवस, मंगळवार

परवानगीचे पत्र जवळ असताना एका कार्यालयात त्यावर आणखी एक शिक्का घेण्यासाठी दोन तास चाळीस मिनिटे. झेरॉक्स १२ रु. नव्वद टक्क्यांवरील मद्यार्क औषधांच्या चार दुकानांत नाही. नाशिकहून आणलेल्या अर्ध्या लिटरवरच भागवावे लागणार. काळी छत्री, जुनी, ८० रु.; मांजरपाट एक मीटर, ६० रु. चहात साखर फार. जेवण २४० रु. वीज आठला गेली.

तिसरा दिवस, बुधवार

रेणुकामातेच्या मंदिरामागील टेकडीच्या उतारावर सकाळी सात ते अकरा काम झाले. सोंडे धरण्याची सर्वांत स्वस्त आणि विश्वासू रीत म्हणजे आतून पांढरे कापड शिवलेली छत्री उलटी उघडून फांदीखाली धरणे आणि वरून काठीचे दोन-तीन फटके मारणे. धक्का बसताच सोंडा पाय पोटाशी घेऊन मेल्याचे सोंग करतो आणि वाळल्या बीसारखा खाली गळतो. जमिनीवर हे सोंग त्याला वाचवते, छत्रीत मात्र तेच त्याच्यावर उलटते. सोबत आलेल्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थिनीने बोरीच्या एका झुडपाखालून सतरा नमुने शोषनळीने उचलले. शोषनळी म्हणजे एका नळीने तोंडाने हवा ओढली की दुसऱ्या नळीतून कीटक बाटलीत येऊन पडेल अशी सोय. मध्ये जाळी असते, म्हणून तो तोंडात येत नाही.

सतराही नमुने मायलोसेरस या प्रजातीचे निघाले. वांग्याच्या शेतात ज्यांना करडे भुंगेरे म्हणतात ते हेच. सोंडे असूनही यांची सोंड आखूड असते आणि अंगावरचा राखी किंवा हिरवट रंग कातडीचा नसून तिच्यावर बसलेल्या बारीक खवल्यांचा असतो. वय वाढते तसे खवले घासले जातात, म्हणजे एकाच जातीचा तरुण हिरवा आणि म्हातारा काळा दिसू शकतो, आणि रंगावर विसंबणारा फसतो. गाय मार्शल यांनी ‘द फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत सोंड्यांच्या कुलाचा पहिला भाग १९१६ साली प्रसिद्ध केला आणि शंभर वर्षे उलटल्यावरही मायलोसेरसची ओळख त्याच ग्रंथातील ओळखकिल्लीपासून सुरू करावी लागते. ओळखकिल्ली ही दुफाट्यांची वाट असते: मांडीवर काटा आहे की नाही, असल्यास एक की दोन, अशा प्रत्येक फाट्यावर एक बाजू धरत जायचे आणि शेवटी नावापाशी पोहोचायचे. ही वाट मार्शल यांना ठाऊक असलेल्या जातींपुरतीच आहे, त्यामुळे अनोळखी जातीलाही ती कोणत्या ना कोणत्या नावापाशी नेऊन सोडतेच. त्या नावाची जात आणि हातातला नमुना एकच आहेत याची खात्री मूळ नमुन्याशी, म्हणजे ज्यावरून नाव दिले गेले त्या प्ररूपाशी, ताडून पाहिल्यावरच होते. यांपैकी कितीतरी प्ररूपे लंडनच्या संग्रहालयात आहेत.

खर्च: रिक्षा १५० रु., जेवण २४० रु., बाकी कालप्रमाणे. वीज आठला गेली, दहाला आली.

चौथा दिवस, गुरुवार

आज डोंगराऐवजी खाणावळीतच अधिक काम झाले. बाजरीची भाकरी, माठाची भाजी, लसणाचा ठेचा आणि ताक असे जेवण मुक्कामातील आजवरचे सर्वांत चांगले होते. खाणावळ चालवणाऱ्या बाईंच्या सासूबाई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि पाहुणे कशासाठी आले आहेत हे कळल्यावर त्यांनी, “आमच्या तांदळातले न्या की मग, भाऊ, फुकट देते,” असे सांगून सुपातले सहा सोंडे पुढे केले. ते घेण्यात आले. डब्यात कडुनिंबाचा पाला आणि बिब्बे घातले असताना आणि झाकण घट्ट असताना हे येतात कुठून, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवते, अळी आतल्या आत दाणा खाऊन वाढते आणि पूर्ण कीटक होऊनच बाहेर येते. म्हणजे सोंडा डब्यात शिरत नाही, तो दाण्याच्या पोटात बसून विकत आणला जातो. हे ऐकून आजींनी दुकानदाराविषयी जे उद्गार काढले ते येथे देण्याचे कारण नाही.

डोंगरातला आणि तांदळातला सोंडा एकच का, असे त्यांनी विचारले, तेव्हा तांदळातला तरी एकच आहे का, हे आधी सांगावे लागले. लिनियसने १७६३ मध्ये नाव दिलेला सायटोफायलस ओरायझी आणि मोचुल्स्कीने १८५५ मध्ये वेगळा काढलेला सायटोफायलस झीमेज हे दोघे बाहेरून इतके सारखे दिसतात की शंभर वर्षे एकाच जातीचे लहान आणि मोठे वाण म्हणून त्यांची गल्लत होत राहिली. कुशेल यांनी १९६१ मध्ये नावांचा हा गुंता सोडवला. भेदाची भरवशाची खूण नराच्या जननेंद्रियावर आहे: ओरायझीमध्ये त्याची पाठ गुळगुळीत, तर झीमेजमध्ये तिच्यावर दोन उभ्या खाचा. ज्या किड्याला घरोघरी रोज सुपातून पाखडले जाते, त्याच्या दोन जाती ओळखण्यासाठी त्याचे पोट उघडावे लागते, तेथे रानातल्या किड्याची काय कथा! विद्यार्थिनीने हा खुलासा आजींना करताना शब्द फार जपून वापरले आणि आजींना ते लगेच कळले.

उठताना आणखी एक लाभ झाला. माठ निवडताना बाजूला टाकलेली गाठाळ देठे आजींनी दाखवली, त्यांतले एक चिरताच आत पांढरी, वाकडी, पायच नसलेली अळी मिळाली. माठाच्या देठात राहणारी ही अळी बहुधा हायपोलिक्सस प्रजातीच्या सोंड्याची असावी, असे सांगितले असता आजींनी, “याला सोंड कुठाय?” असे विचारले. प्रश्न बिनतोड आहे. सोंड्याच्या अळीला सोंड नसते, पूर्ण कीटकाची रूपरेषा तिच्यात दिसत नाही आणि म्हणून अळीचे नाव खात्रीने सांगायचे तर ती पाळून मोठी करण्याखेरीज जुना उपाय नाही. नवा उपाय म्हणजे तिच्या डीएनएचा ठराविक तुकडा वाचणे, पण तो ज्याच्याशी ताडून पाहायचा तो ओळख पटलेला प्रौढ आधी कोणीतरी नोंदवलेला असावा लागतो. उरलेली चार देठे बरणीत ठेवली.

चहात साखर फार. वीज आठला.

पाचवा दिवस, शुक्रवार

पाऊस. राहुड घाटाकडील उतारावर दोन तास, भिजून परत. नमुने एकवीस. पेन्सिल हरवली. खर्च नेहमीचा.

सहावा दिवस, शनिवार

आजची नोंद लिहिण्याची इच्छा नाही, तरीही ती लिहिणे भाग आहे. नमुन्याच्या बाटलीत स्थळ, उंची, तारीख, झाडाचे नाव आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी लागते आणि ती पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या शाईने लिहावी, हे या शास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवले जाते. काल रात्री वीज नसताना मेणबत्तीच्या उजेडात दैनंदिनीलेखकाने बुधवारच्या आणि शुक्रवारच्या मिळून अडतीस नमुन्यांच्या चिठ्ठ्या जेल पेनने लिहिल्या, आणि सकाळी बाटल्यांतला मद्यार्क निळसर आणि चिठ्ठ्या कोऱ्या झालेल्या आढळल्या. दोन्ही उतारांच्या बाटल्या एकाच डब्यात मिसळलेल्या असल्याने कोणता नमुना कोठला हे ठरवण्यास आधार उरला नाही. विद्यार्थिनीने आठवणीने लिहून काढण्याची तयारी दाखवली. तिला नकार देण्यात आला, कारण आठवणीने लिहिलेली चिठ्ठी कोऱ्या चिठ्ठीपेक्षा घातक असते. कोरी चिठ्ठी निदान खोटे बोलत नाही. अडतीस नमुने टाकून दिले. विद्यार्थिनीने दुपारभर मौन पाळले आणि ते योग्यच होते.

सातवा दिवस, रविवार

पेन्सिली, अर्धा डझन. रेणुकामातेचा उतार पुन्हा पहिल्यापासून.

परतताना एका मेंढपाळाने रुईचे उशिराचे बोंड फोडून आतले काळपट सोंडे दाखवले आणि हे बोंडातच जन्मतात आणि बोंड उकलले की बाहेर पडतात, असे सांगितले. पॅरामेकॉप्स फॅरिनोससचा ग्रंथोक्त जीवनक्रम याहून वेगळा नाही. त्याच्या अळ्या रुईच्या बिया खातात, म्हणून रुई तण होऊन पसरलेल्या ऑस्ट्रेलियात तिच्या बंदोबस्तासाठी या सोंड्याचा विचार झाला आहे. अशा कामात नावाची चूक किती महाग पडते, याचे उदाहरण पाण्यावर पसरणाऱ्या साल्व्हिनिया या नेच्याचे आहे. त्याची ओळख आरंभी चुकल्याने भलत्याच जातीवरचा सोंडा आफ्रिकेत आणि फिजीत सोडला गेला आणि तण हटले नाही. खऱ्या तणाचे मूळ घर १९७८ मध्ये ब्राझीलमध्ये सापडले, तेथला सोंडा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मूनडारा तलावात सोडताच वर्ष-सव्वा वर्षात पाणी मोकळे झाले, आणि हा तर आधीचाच सोंडा असे समजले जात असताना काल्डर आणि सँड्स यांनी १९८५ मध्ये तो स्वतंत्र जातीचा असल्याचे दाखवून त्याला सायरटोबॅगस साल्व्हिनी हे नाव दिले. केरळातील कालवे आणि भातखाचरे साल्व्हिनियापासून सोडवली ती याच सोंड्याने.

आठवा आणि नववा दिवस

इंद्राईच्या पायथ्याशी. पाय दुखतात. नमुने पहिल्या दिवशी त्रेचाळीस, दुसऱ्या दिवशी एकोणतीस. त्यांत पानाची गुंडाळी करून तिच्यात अंडे घालणाऱ्या कुलातील एक मादी, गुंडाळीसकट. देठाजवळ पान आडवे कातरून, शीर किंचित शाबूत ठेवून, कोमेजलेले पान ती विड्यासारखे वळते; विडा लावणाऱ्याने पाहावे असे काम.

रात्री चर्चेचा विषय होता तो वेगाचा. कार्ल्सरूहे येथील अलेक्झांडर रिडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू गिनीतील ट्रायगॉनॉप्टेरस या पंखहीन प्रजातीच्या १०१ जातींना २०१३ मध्ये एकाच निबंधात नावे दिली आणि नावे सुचेनात तेव्हा त्यांतली बरीच पापुआच्या दूरध्वनी निर्देशिकेतील आडनावांवरून घेतली. २०१९ मध्ये सुलावेसीतील आणखी १०३ जातींत योडा, अ‍ॅस्टरिक्स आणि ओबेलिक्सही आले. डीएनएचा तुकडा, उत्तम छायाचित्रे आणि आटोपशीर वर्णन अशी त्यांची पद्धत आहे. विद्यार्थिनीला ती पटते. दैनंदिनीलेखकाला आडनावांची कल्पना आवडली, आटोपशीर वर्णनाची तितकीशी नाही; मात्र याच प्रजातीच्या मांडीच्या सांध्यात नट-बोल्टसारखे फिरते आटे आहेत, हे त्याच गटाने २०११ मध्ये दाखवले असल्याने त्यांच्यावर उथळपणाचा आरोप करता येत नाही. वाद अनिर्णित राहिला.

दहावा दिवस, बुधवार. परतीच्या गाडीची वाट पाहताना

चिठ्ठीसह शाबूत नमुने १२६. त्यांपैकी जातीपर्यंत नाव सांगता येईल असे अकरा, आणि त्या अकरांतील सहा आजींच्या तांदळातले असून तेही पोट उघडल्यावरच. मायलोसेरसचे चौसष्ट नमुने त्रिकोणी पुठ्ठ्यांच्या टोकांवर चिकटवून, नंतर एकेकाचे उदर वेगळे करून, ते क्षारात उकळून तपासावे लागतील, आणि ज्या कामाला डोंगरावर दहा दिवस लागले त्याला मेजावर दोन वर्षे लागतील असा अंदाज आहे.

माठाची देठे प्रवासात सुकतील म्हणून बरणी खाणावळीतच ठेवली आहे. तिच्या तोंडाला मांजरपाटाचा तुकडा बांधला असून आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आहे. सोंडा बाहेर पडेल त्या दिवसाची तारीख आजी नातवाकरवी कळवणार आहेत.