पाय मोडणारी कळ

पिपरी मेघेच्या घरी कैलासवासी वडिलांविषयीच्या आठवणी लॅपटॉपवर उतरवीत असता एकाएकी ‘वर्धा’चे ‘वरधा’ होऊ लागले. इन्स्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी ‘डी’च्या जागी असलेली, अक्षरांचा पाय मोडणारी कळ स्वतःच लंगडी झाली होती! पडद्यावरच्या कळफलकातून मात्र जोडाक्षर बिनचूक उमटले. तेव्हा दोष सॉफ्टवेअरचा नसून त्या कळीचाच, हे उमगले. यंत्र बंद करून, उलटे धरून, मऊ कुंचल्याने फटींतील धूळ झाडली, व्यर्थ! अखेर वेगळा यूएसबी कळफलक जोडला. तोवर ‘आम्ही’चे ‘आमही’ झालेले आम्ही एवढे शिकलो की, स्वतः अर्धे झाल्यावाचून अक्षर दुसऱ्यास बिलगत नाही. वडिलांनी घरासाठी जन्मभर हेच केले. आणि नेमके तेच लिहावयाचे राहिले होते.